कृष्णेचा पूर, माणचा दुष्काळ आणि हेगचे न्यायालय
हवामान बदलाच्या दाव्यांचा एक अभ्यास

हवामान बदल हा विषय आपल्याकडे बहुधा भूगोलाच्या पुस्तकात वाचला जातो. उष्मा वाढला, पाऊस लहरी झाला, समुद्राची पातळी चढू लागली, एवढे सांगून धडा संपतो. प्रस्तुत लेखात आम्ही हा विषय कायद्याच्या अंगाने मांडणार आहोत. हवामान बदलामुळे ज्याचे नुकसान झाले त्याला न्यायालयात दाद मागता येते काय, येत असल्यास कोणाविरुद्ध, आणि या कामी आंतरराष्ट्रीय कायदा त्याच्या कितपत उपयोगी पडतो, असा हा प्रश्न आहे. मंडळाच्या सभासदांनी, आणि विशेषेकरून कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी, तो नीट समजून घ्यावा अशी आमची इच्छा आहे. विषय दूरचा वाटतो, परंतु तो आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पाहा. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाई, कऱ्हाड करीत सांगलीला येते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा जुनी माणसे म्हणाली की असा पूर आयुष्यात पाहिला नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर चढले. त्याच पुरात ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेक जीव गेले. पुढे दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून घरेच्या घरे गाडली गेली आणि सांगलीत पाण्याने पुन्हा पन्नास फुटांची मर्यादा ओलांडली.

याच दोन जिल्ह्यांत माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे तालुके पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाचे म्हणून ओळखले जातात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवण्यासाठी पाण्याची रेल्वेगाडी सुटली ती मिरजेहून, कृष्णेचे पाणी भरून. ज्या नदीचे पाणी गाडीने परजिल्ह्यात न्यावे लागले, तिचेच पाणी तीन वर्षांनी लोकांच्या माळ्यावर चढले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले आहे की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याचा संबंध तापत चाललेल्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाशी आहे. एखादा विशिष्ट पूर केवळ हवामान बदलामुळेच आला असे त्यावरून म्हणता येत नाही. परंतु असे पूर पूर्वीपेक्षा वारंवार येण्याची शक्यता वाढली आहे, एवढे म्हणता येते. हा फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. न्यायालयात साऱ्या दाव्याचे भवितव्य याच फरकावर अवलंबून असते.

रूढी कोणाची आणि पुरावा कोणाचा

आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे काय, हे आधी पाहू. देशादेशांत झालेले करार हा त्याचा एक भाग. दुसरा भाग रूढीजन्य कायद्याचा. बहुतेक राष्ट्रे दीर्घकाळ एका विशिष्ट रीतीने वागत आली, आणि असे वागणे आपणांवर कायद्याने बंधनकारक आहे असे मानून वागत आली, तर त्या वागणुकीला कायद्याचे स्वरूप येते. मग लेखी करार असो वा नसो.

'रूढी' हा शब्द ऐकताच आपल्या वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, आणि ते योग्यच आहे. आपल्याला रूढी भेटली ती पाणवठ्यावर आडवी आलेली. परंतु रूढी न्यायालयात कशी तपासली जाते याचा सर्वांत चांगला धडाही आपल्याच इतिहासात आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव संमत केला व सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असल्याचे ठरवले. महाड नगरपालिकेने १९२४ साली तसाच ठराव केला. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढची कोर्टातली लढाई मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रतिपक्षाने दिवाणी दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी त्या हुकुमाचा मान राखून दुसऱ्यांदा तळ्यावर जाणे स्थगित केले आणि दावा लढवला. वादींचे म्हणणे असे की तळे आमच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची अनादि काळापासून रूढी आहे. खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात असे करीत प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी तेथे निकाल लागला की अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. जवळजवळ दहा वर्षे लागली.

या खटल्यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. 'पूर्वापार चालत आले' एवढे म्हटल्याने रूढी कायदा ठरत नाही, जो तिचा आधार घेतो त्याने ती शाबीत करावी लागते. आणि ठराव, कृती व निकाल या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. एकीवर उभे राहून दुसरी आपोआप येत नाही. हवामानाच्या कायद्यातही हाच क्रम दिसतो.

पर्यावरणाच्या बाबतीत रूढीचा उगम बहुधा एका धुराड्यापाशी सांगितला जातो. कॅनडातील ट्रेल या गावी धातू गाळण्याचा कारखाना होता. त्याचा धूर सरहद्द ओलांडून अमेरिकेतील शेतांवर जाई व पिके करपत. दोन्ही देशांनी लवाद नेमला. लवादाने १९३८ व १९४१ साली निर्णय देऊन ठरवले की कोणत्याही राष्ट्राला आपल्या भूमीचा वापर दुसऱ्याच्या भूमीला गंभीर इजा होईल असा करण्याचा अधिकार नाही. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेने व १९९२ च्या रिओ परिषदेने हे तत्त्व पुढे नेले. १९९२ सालीच हवामान बदलाविषयीचा मूळ करार झाला आणि १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिस करार स्वीकारला गेला. भारताने त्यास २ ऑक्टोबर २०१६ रोजी मान्यता दिली. पॅरिस करारात प्रत्येक देशाने आपापले उद्दिष्ट स्वतः ठरवायचे आहे. म्हणून बड्या राष्ट्रांचे म्हणणे असे पडले की आम्ही जे आकडे लिहून दिले तेवढेच आमचे कर्तव्य. त्यापलीकडे आम्हांला कोणी जाब विचारू नये.

सत्तावीस विद्यार्थी

प्रशांत महासागरात वानुआतू नावाचा छोटासा द्वीपदेश आहे. तेथे दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाचे कायद्याचे वर्ग चालतात. २०१९ साली त्या वर्गातील २७ विद्यार्थ्यांनी ठरवले की हा प्रश्न जगातील सर्वांत मोठ्या न्यायालयापुढे न्यायचा. त्यांची बेटे बुडू लागली होती आणि प्रदूषणात त्यांचा वाटा नगण्य होता. त्यांनी आपल्या सरकारला पटवले, सरकारने इतर देशांना पटवले, आणि २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने ठराव करून हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत मागवले. डिसेंबर २०२४ मध्ये सुनावणी झाली, तीत नव्वदहून अधिक देशांनी बाजू मांडली. भारतानेही मांडली. ज्या विकसित देशांनी दीर्घकाळ वायू सोडले त्यांच्यावर मुख्य जबाबदारी आहे, आणि सध्याच्या करारांपलीकडे नवी बंधने निर्माण करू नयेत, असे भारताचे म्हणणे होते.

२३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने आपले मत एकमताने दिले. त्याचा सारांश असा. राष्ट्रांची कर्तव्ये केवळ हवामानाच्या करारांतून येत नाहीत. पर्यावरणाची गंभीर हानी टाळण्याचे रूढीजन्य कर्तव्य सर्व राष्ट्रांवर आहे, करारात असलेल्यांवरही आणि नसलेल्यांवरही. राष्ट्राने आपले उद्दिष्ट ठरवताना मनाला येईल ते लिहून चालणार नाही; तापमानवाढ दीड अंशापर्यंत रोखण्यास हातभार लागेल असे, आपल्या कुवतीप्रमाणे उच्च उद्दिष्ट ठेवले पाहिजे व त्यासाठी कसोशीने दक्षता घेतली पाहिजे. कोळसा-तेल यांचे उत्पादन, परवाने व अनुदाने यांकडे काणाडोळा करणे हेही राष्ट्राचे बेकायदा कृत्य ठरू शकते. आणि असे कृत्य झाल्यास ते थांबवणे, पुन्हा न करण्याची हमी देणे, व कार्यकारणसंबंध पुरेसा थेट आणि निश्चित असेल तर भरपाई देणे, हे त्याचे परिणाम होत.

विद्यार्थ्यांनी येथे फार हर्षभरित होऊ नये. हे 'सल्लागार मत' आहे. ते हुकूमनाम्यासारखे बजावता येत नाही. शिवाय या न्यायालयापुढे पक्षकार म्हणून फक्त राष्ट्रेच येऊ शकतात. पुरात भांडीकुंडी गेलेल्या एखाद्या बाईला हेगच्या दारात उभे राहता येत नाही. असे असूनही या मताचे मोल मोठे आहे, कारण 'आम्ही लिहून दिले तेवढेच कर्तव्य' ही बड्या राष्ट्रांची रूढी शाबीत झाली नाही. महाडप्रमाणेच.

निरनिराळ्या देशांतील न्यायालयांनी या आधीच बरीच वाट पाडली होती. नेदरलँड्समध्ये उर्जेंडा या संस्थेच्या दाव्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०१९ रोजी सरकारला बजावले की २०२० अखेर १९९० च्या तुलनेत निदान २५ टक्के वायू कमी केलेच पाहिजेत. आपल्या शेजारी लाहोर उच्च न्यायालयाने २०१५ साली एका शेतकऱ्याच्या अर्जावर, सरकार स्वतःचे हवामान धोरण अमलात आणत नाही म्हणून आयोग नेमला. ९ एप्रिल २०२४ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने स्वित्झर्लंडमधील वृद्ध महिलांच्या संघटनेची तक्रार मान्य केली. आशिया खंडात असे मानवी हक्क न्यायालय नाही, ही आपली अडचण आहे.

पेरू देशातील एका शेतकऱ्याचा दावा मात्र पाटणच्या डोंगरात राहणाऱ्यांनी जरूर वाचावा. बर्फ वितळून डोंगरावरचे सरोवर भरत चालले आहे व ते फुटल्यास आपले घर वाहून जाईल, म्हणून त्याने २०१५ साली जर्मनीतील एका बड्या वीज कंपनीवर जर्मनीतच दावा लावला. जगातील एकूण वायूंत त्या कंपनीचा जेवढा वाटा तेवढाच, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी, खर्च त्याने संरक्षणाच्या कामासाठी मागितला. २८ मे २०२५ रोजी हॅम येथील वरिष्ठ न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. परंतु फेटाळताना असे म्हटले की वायू सोडणारी कंपनी दूर देशातील माणसाच्या नुकसानीस तत्त्वतः जबाबदार धरली जाऊ शकते. या माणसाच्या घराला असलेला धोका मात्र पुरेसा सिद्ध झाला नाही. तत्त्व जिंकले आणि पुराव्यावर अडले. आमच्या मते येत्या वीस वर्षांतील बहुतेक खटल्यांची गत हीच होणार आहे.

आपली दारे

आता आपल्या देशाकडे वळू. संविधानाच्या कलम ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय कायदा व करारांतील बंधने यांविषयी आदरभाव वाढवण्याचे निर्देशक तत्त्व आहे, आणि कलम २५३ नुसार आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी संसदेला कायदे करता येतात. १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम स्टॉकहोम परिषदेचे निर्णय अमलात आणण्यासाठी केला असे त्याच्या प्रास्ताविकातच लिहिले आहे. कायदा नसेल तेथेही न्यायालयाने वाट काढलेली आहे. तामिळनाडूतील चर्मोद्योगांच्या प्रदूषणाच्या वेल्लोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटले की देशी कायद्याशी विसंगत नसलेला रूढीजन्य आंतरराष्ट्रीय कायदा हा आपल्या कायद्याचाच भाग समजला जाईल. सावधगिरीचे तत्त्व, आणि प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी हे तत्त्व, ही दोन्ही अशी भारतात आली. म्हणजे हेगहून निघालेले कर्तव्य दिल्लीमार्गे आपल्यापर्यंत येऊ शकते. साताऱ्याला तर आंतरराष्ट्रीय करार मुळीच नवा नाही. कासचे पठार, कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा झाले, ते १९७२ च्या अशाच एका कराराखाली.

२१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रणजितसिंह खटल्यात आणखी पुढचे पाऊल टाकले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. पारडीवाला व न्या. मनोज मिश्र यांच्या पीठाने म्हटले की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क कलम १४ व कलम २१ यांत सामावलेला आहे. कलम २१ म्हणजे जीविताचा हक्क. त्याचा आधार अपेक्षित होता. कलम १४ म्हणजे समतेचा हक्क, आणि आमच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट ती आहे. पूर सर्वांच्या दारात येतो, पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, गरीब व वंचितांवर तो अधिक पडतो, हे न्यायालयाने ओळखले. गंमत अशी की हा खटला पुराचा वा दुष्काळाचा नव्हताच. राजस्थान-गुजरातेतील माळढोक पक्षी वाचवावा की सौर व पवनविजेच्या तारा न्याव्यात, असा तो वाद होता. चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना असा पेच समजायला वेळ लागणार नाही.

हक्क मान्य झाला, आता तो घेऊन जायचे कोठे?

नदीच्या वाटणीचा व धरणाच्या उंचीचा वाद असेल तर सामान्य न्यायालयाचे दार बंद आहे. संविधानाच्या कलम २६२ खाली १९५६ साली आंतरराज्यीय जलविवाद कायदा झाला. त्यानुसार असा वाद लवादापुढे जातो, आणि तक्रार करू शकते ते फक्त राज्य. कृष्णेसाठी १९६९ साली बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली आणि २००४ साली ब्रिजेशकुमार यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमले गेले. दुसऱ्या लवादाने डिसेंबर २०१० मध्ये अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्यास अनुमती दिली, आणि २०२५ मध्ये कर्नाटकने तसा मनोदय पुन्हा जाहीर केल्यावर महाराष्ट्राने विरोध नोंदवला. म्हणजे हेगला फक्त राष्ट्र बोलणार आणि लवादापुढे फक्त राज्य बोलणार. दोन्ही ठिकाणी बुडालेला माणूस प्रेक्षकांतही नाही. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात उद्भवलेला वाद आला आहे. तेथे सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि सुचवतो की दोन्ही पक्षांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा, व या पाचांनी निवाडा करावा. आजच्या आंतरराष्ट्रीय लवादांची रचना बहुधा याहून फारशी निराळी नसते.

अलमट्टीविषयी आमचे मत स्पष्ट सांगतो, मग कोणाला रुचो न रुचो. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीच्या फुगवट्याला त्या पुराचे कारण मानले नाही. अतिवृष्टीकडे आणि नदीपात्रालगतच्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले. त्यावर मतभेद आहेत व ते तज्ज्ञांनी सोडवावेत. परंतु सारा दोष सरहद्दीपलीकडे ढकलला की पूररेषेच्या आत इमारतींना परवानगी कोणी दिली हा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. पाटबंधारे खात्याची निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हा हिशेब जुन्या नोंदींवरून काढलेला असतो. सोळा वर्षांत २००५, २०१९ व २०२१ असे तीन महापूर आल्यावर जुन्या नोंदी पुढच्या काळाला लागू पडतात असे धरून चालता येईल काय? सावधगिरीचे तत्त्व आपल्या देशाच्या कायद्याचा भाग आहे, तर त्या तत्त्वाने रेषा पुन्हा तपासा, अशी मागणी नागरिकाला करता येते. या मागणीसाठी कोणत्याही राज्याच्या परवानगीची गरज नाही.

ती करायची कोठे, तर उच्च न्यायालयात, कलम २२६ खाली. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे खंडपीठीय कामकाज कोल्हापुरात सुरू झाले असून सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते आदल्या दिवशी त्याचे उद्घाटन झाले. दुसरे दार पुण्याला, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे. परंतु त्याची कक्षा जल, वायू, वन, पर्यावरण इत्यादी सात कायद्यांपुरती आहे, आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ त्या सातांत नाही. म्हणून मदतवाटपातील अन्यायाची तक्रार पुण्याला नेऊन उपयोग नाही. ओढे बुजवणे, मळी वा सांडपाणी नदीत सोडणे अशी तक्रार तेथे नेता येते. नुसता पॅरिस कराराचा आधार घेऊन तेथे गेल्यास काय होते तेही दिसले आहे. उत्तराखंडातील रिधिमा पांडे हिने नऊ वर्षांची असताना २०१७ साली अर्ज केला होता. पर्यावरण परवानगीच्या प्रक्रियेत हवामानाचा विचार होतच नाही असे मानण्यास कारण नाही, असे म्हणून तो जानेवारी २०१९ मध्ये निकाली काढण्यात आला. दुष्काळाच्या बाजूने ११ मे २०१६ चा स्वराज अभियान खटल्यातील निकाल वाचावा. मिरजेची पाणीगाडी धावू लागली त्याच्या पुढच्याच महिन्यातला हा निकाल, आणि महाराष्ट्र त्यात प्रतिवादी होता. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील दल, निधी व राष्ट्रीय आराखडा उभारा, आणि दुष्काळाचे निकष सुधारा, असे त्यात केंद्र सरकारला फर्मावले आहे.

पंचनामा

एवढा सगळा कायदा वाचून झाल्यावर तो ज्या कागदावर उभा राहतो त्या कागदाकडे येऊ. पेरूच्या शेतकऱ्याचा दावा पुराव्यावर अडला, तर आपला पुरावा कोणता? पुरानंतर तलाठी व ग्रामसेवक करतात तो पंचनामा. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याचे पीक पंचनाम्यात येते. ज्याचे घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये आहे त्याची भिंत येते. पण नदीकाठच्या सखल जागेतील वस्ती बहुधा आपल्या लोकांची व इतर कष्टकऱ्यांची. घर आजोबांच्या नावावर, किंवा गायरानात, किंवा भाड्याचे. शेत दुसऱ्याचे, आपली फक्त मजुरी. उसाच्या फडात पाणी साचले तर मालकाला नुकसानीची नोंद मिळते. ज्याची दीड महिन्याची मजुरी बुडाली त्याला पंचनाम्यात क्वचितच जागा मिळते. कलम १४ चा प्रश्न येथे, चिखलाने भरलेल्या उंबऱ्यावर उपस्थित होतो. जो पंचनाम्यात नाही तो आकडेवारीत नाही, आणि आकडेवारीत नाही तो कोणत्याच न्यायालयाला दिसत नाही.

खटाव तालुक्यात गोरेगाव येथे १९०१ च्या सुमारास दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकारने तलाव खोदायला घेतला होता. सुभेदार रामजी आंबेडकर तेथे खजिनदार होते. त्यांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघालेला बाल भीमराव आणि त्याच्यासोबतची मुले मसूर स्टेशनवर उतरली, आणि रात्रभराच्या बैलगाडीच्या प्रवासात जातीमुळे त्यांना कोठे प्यायला पाणी मिळाले नाही. हा प्रसंग पुढे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला. त्या दुष्काळात किती कामे निघाली, किती माणसे कामावर आली, याचे सरकारी आकडे असतील. पाणी कोणाला मिळाले नाही याची नोंद त्या मुलाने केली नसती तर ती कोठेच झाली नसती.

तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांच्या मंडळांनी पुराच्या वेळी अन्नाची पाकिटे वाटण्याबरोबर आणखी एक काम अंगावर घ्यावे. प्रत्येक घराच्या भिंतीवर पाणी कोठवर आले त्याची खूण करून तारखेसह छायाचित्र काढावे. पाणी कधी शिरले व कधी उतरले ते लिहावे. घर दोन दिवसांहून अधिक पाण्याखाली राहिले की नाही यावर सानुग्रह मदत अवलंबून असते, आणि याच अटीवरून २०१९ साली मोठा असंतोष झाला होता. आपल्या महसूल मंडळातील पर्जन्यमापकाची नोंद मागून घ्यावी. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते. नमुना ८, रेशनकार्ड, विजेचे बिल यांपैकी जे असेल त्याची प्रत घ्यावी, आणि काहीच नसेल तर शेजाऱ्यांचे जबाब घ्यावेत. बुडालेल्या मजुरीचे दिवस नावानिशी लिहावेत. पंचनाम्याची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मागावी व आपल्या वहीशी ताडून पाहावी. जी नावे गळली असतील त्यांचा अर्ज तहसीलदारांकडे पोच घेऊन द्यावा. उच्च न्यायालय पहिला प्रश्न विचारते तो हाच, की आधी कोणाकडे दाद मागितली होती.

मुदतीकडेही लक्ष असावे. हरित न्यायाधिकरणाकडे पर्यावरणाचा वाद नेण्यास कारण घडल्यापासून सहा महिने मिळतात, भरपाई मागण्यास पाच वर्षे; सबळ कारण असल्यास दोन्हींत आणखी साठ दिवस वाढवून मिळू शकतात, त्याहून अधिक नाहीत. पुराचे पाणी उतरून घर धुऊन होईपर्यंतच यातले दोन महिने निघून जातात, म्हणून वहीचे काम पाणी असतानाच सुरू झाले पाहिजे.